मला अस्मान दाखवणारे दोघे

आमच्या तालमीत अस्मान हा शब्द शिवीच्या जवळपासचा होता. कुस्तीत एखाद्याची पाठ मातीला टेकवली की कोल्हापुरात म्हणतात, त्याला अस्मान दाखवलं. पडलेला माणूस उताणा असतो आणि त्याला वरचं आभाळ दिसतं, एवढाच त्याचा अर्थ. पण तो शब्द नुसता कानावर पडला तरी आमच्या अंगावर काटा यायचा. आभाळ बघायची पाळी येऊ नये म्हणून आम्ही पहाटेपासून घाम गाळायचो.

असल्या माणसानं विमानातून उडी मारायला शिकावं आणि त्याचा परवाना मिळवावा, हा विनोदच म्हणायचा. पण तो घडला खरा, आणि दोन माणसांमुळे घडला. लोक अजून मला विचारतात, एवढ्या उंचीवरून उडी मारताना भीती वाटली नाही का? खोटं कशाला सांगू, उंचीची मला कधीच फारशी भीती वाटली नाही. माझं घोडं पेंड खात होतं ते जमिनीवर.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी गावाकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला म्हणून कोल्हापुरात आलेलो. राजारामपुरीत खोली घेतलेली होती, पण तिथं फक्त माझी ट्रंक राहायची. मी स्वतः तालमीत असायचो. कॉलेजातल्या मास्तरांना माझा चेहरा परीक्षेच्या वेळी आठवत नसे, यात त्यांची काही चूक नव्हती.

आमचे वस्ताद पिंजाऱ्याच्या घरातले. घरी गाद्या भरायचा पिढीजात धंदा, आणि पहाटे तालीम. हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरताना आम्ही जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हणायचो, ते बिस्मिल्ला म्हणायचे, मग सगळेच वाकून माती कपाळाला लावायचो. पन्नाशी ओलांडली होती त्यांनी. त्यांच्याबद्दल सारी पेठ एक गोष्ट अभिमानानं सांगायची. उभ्या आयुष्यात या माणसाच्या पाठीला माती लागलेली कुणी बघितली नव्हती. ते हरले नव्हते असं नाही, गुणांवर हरले होते, दम संपून हरले होते, पण चीत कधीच झाले नव्हते.

आम्हालाही त्यांनी तेच शिकवलं. ते आम्हाला उचलून फेकायचे. ज्याची पाठ लागली त्याला वाढीव जोर मारायला लागायचे, आणि जो हवेतच वळून पालथा पडला त्याला नुसतं "हं" मिळायचं. त्या "हं"साठी आम्ही जीव टाकायचो. काही वर्षांत ते इतकं अंगात मुरलं, की एकदा मोरीत शेवाळावर घसरलो तोही पालथाच पडलो. पुढच्या दाताचा टवका उडाला. आई हळहळली, पण वस्ताद खूश झाले. तो टवका उडालेला दात मी अजून जपून ठेवलाय, म्हणजे तोंडातच.

उजळाईवाडीच्या विमानतळावर तेव्हा विमानांपेक्षा शेळ्या जास्त उतरायच्या. त्या माळावर एक निवृत्त सुभेदार काही मुलांना पॅराशूटनं उडी मारायला शिकवतो असं ऐकलं म्हणून मी एका रविवारी सायकल मारत गेलो. बाहेरच्या एका फ्लाइंग क्लबचं छोटं विमान आलेलं होतं. पांढऱ्या गोल छत्रीखाली एक माणूस शांतपणे खाली येताना दिसला. तो माझ्यापासून हाकेच्या अंतरावर पडला, उठला, पँट झटकली आणि छत्री गोळा करायला लागला. तेच सुभेदार. मी जवळ जाऊन म्हटलं, मला शिकवाल का? त्यांनी माझे कान बघितले, पैलवानाचे असतात तसे चेपलेले, आणि म्हणाले, "वजन कमी कर. मग ये."

घरी सांगितल्यावर आई चुलीपुढून उठलीच. तिचं माहेर गगनबावड्याचं. तिथं वर्षातले निम्मे महिने छत्रीखालीच जातात, त्यामुळे या विषयात तिचा शब्द शेवटचा होता. "छत्री धरून उडी मारायची?" ती म्हणाली. "आमच्याकडं घाटावरचा वारा आला की छत्री उलटी हुत्या. ह्यांची उलटी झाली मंजे रं?"

मी हसलो. पण पुढच्या रविवारी हा प्रश्न सुभेदारांना विचारला तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "आईंना म्हणावं, शहाण्या आहात. कधी कधी होते तसं. म्हणून पोटाशी दुसरी असते." हा निरोप मी पोचवला. आपण शहाण्या आहोत हे एका सुभेदारानं मान्य केलं म्हटल्यावर आईचा विरोध मावळला. वडिलांना काय ते तिनंच सांगितलं.

वस्तादांना विचारायची मात्र मला खरी धास्ती होती. अंग रगडून घेता घेता कसंबसं बोललो. ते माझ्या पाठीवर एक थाप मारून म्हणाले, "आजपतूर लोकांस्नी अस्मान दाखवायला शिकवलं तुला. तू आपल्या पायानं बघायला चाललायस व्हय? जा की. पण पहाटं हौद्यात दिसला पायजेस."

खुराक कमी करून मी वजन उतरवलं. आता खरी गोष्ट सुरू होते. पॅराशूटच्या शिक्षणात पहिले कित्येक आठवडे विमान नसतंच, असतं ते पडणं. गोल छत्री माणसाला अलगद उतरवत नाही, चांगली आपटते. नुसत्या पायांवर उभं राहायला गेलं तर पाय मोडतो आणि हात टेकले तर मनगट जातं. म्हणून दोन्ही पाय आणि गुडघे जुळवायचे, हनुवटी छातीला लावायची, आणि जमीन लागली की एका अंगावर कलंडायचं. पोटरी, मांडी, कुल्ला, मग तिरकी पाठ. सगळा दणका त्या पाठीनं प्यायचा. सुभेदारांनी पिंपांवर फळ्या टाकून ओटा केला होता. त्यावरून आम्ही दिवसभर उड्या मारायचो.

आमच्यात एका कचेरीतला कारकून होता, काडीसारखा बारीक, छातीचा पिंजरा झालेला. तो पहिल्याच दिवशी असा सुरेख पडला की सुभेदारांनी सगळ्यांना थांबवून त्याला पुन्हा पडायला लावलं. "असं पडायचं. भाताच्या पोत्यासारखं." मग माझी पाळी. मी उडी मारली, पाय जुळवले, कलंडायला लागलो, आणि पाठ टेकायच्या क्षणी माझं अंग गर्रकन फिरलं आणि मी दोन्ही हातांवर पालथा पडलो. सुभेदार म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा पालथा. दुपारपर्यंत तळहात सोलून निघाले, हनुवटी फुटली, मनगट सुजलं, पण पाठीवरचा सदरा इस्त्री केल्यासारखा स्वच्छ राहिला.

कारकुनाला हसू आवरत नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो, पण त्या वेळी त्याला उचलून फेकावंसं वाटलं. तो छान पडला असता म्हणा.

मी काय काय नाही केलं! डोळे मिटून उडी मारली, स्वतःला शिव्या घातल्या, मनात पाठ पाठ असं घोकलं. डोक्याला सगळं कळत होतं. पण जमीन जवळ आली की डोक्याला विचारतंय कोण? इतक्या वर्षांचं वस्तादांचं शिकवणं परस्पर कारभार करून मोकळं होत होतं. शेवटी सुभेदारांनी मला बाजूला घेतलं. "पुढच्या रविवारी विमान येणार आहे," ते म्हणाले. "नंतर पावसाळा. मग ते पुन्हा कधी येईल मला माहीत नाही, येईल की नाही तेही माहीत नाही. तोवर तुझी पाठ लागली तर तू विमानात. नाही लागली तर नाही. तुझी हाडं मोडायला मी तुला वर नेणार नाही."

मी इतका रडकुंडीला कुठल्या कुस्तीनंतरही आलो नव्हतो. त्या छोट्या विमानाच्या दारात बसायचं एवढं एकच स्वप्न मी तेव्हा बघत होतो. सुभेदारांनी विचारलं, "तुझे वस्ताद कोण?"

दोन दिवसांनी पहाटे ते तालमीत आले. दाराशी बूट काढले, मोजे काढले, हौद्याच्या कडेची चिमूटभर माती कपाळाला लावली. ते बघून वस्तादांनी जागा करून दिली. "या पावणं, बसा. कुठलं म्हणायचं?"

सुभेदारांनी नाव-गाव सांगितलं, चहा झाला, पलटणीच्या चार गोष्टी झाल्या. मग ते म्हणाले, "वस्ताद, पोरगं तयार आहे. पण याला पडायला शिकवलं नाही तुम्ही."

जोर मारणारी पोरं जागच्या जागी थांबली. तालमीत येऊन असं बोलायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. वस्तादांचा आवाज मात्र चढला नाही. "पडायचं न्हाय हेच शिकवतोय की मी," ते म्हणाले.

"तेच म्हणतोय. इतकं चांगलं शिकवलंय की मला ते पुसता येईना. माझ्याकडून होत नाही. तुमच्याकडून होईल, म्हणून आलो."

वस्ताद थोडा वेळ विड्यासारखं काहीतरी चघळत राहिले, तोंडात काही नव्हतं. मग म्हणाले, "कसं पडायचं म्हणता? दावा बघू."

सुभेदारांनी शर्ट काढला, हौद्याच्या कठड्यावर चढले आणि आत उडी मारली. कलंडले, पाठ घासली, पाय वरून पलीकडे गेले आणि उठून उभे राहिले. पाठ लालभडक मातीनं भरली होती. एक पोरगं फिस्सकन हसलं. वस्तादांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो पुन्हा जोर मारायला लागला. वस्तादांनी सुभेदारांना आणखी एकदा पडायला लावलं, मग आणखी एकदा. जवळ जाऊन, मान वाकडी करून, पोटरी कुठं लागते, खांदा कुठं लागतो हे ते बघत होते. एखादा नवा डाव समजून घ्यावा तसं त्यांचं चाललं होतं.

"बरं," ते म्हणाले, आणि त्यांनी सदरा काढला.

काय होणार हे मला त्यांनी कठड्यावर पाय ठेवल्यावर कळलं. मी ओरडलो, "वस्ताद, नको!" ते ऐकणाऱ्यातले नव्हते. बिस्मिल्ला म्हटलं आणि उडी मारली.

ते कलंडले. मी बघत होतो, त्यांचंही अंग वळायला निघालं होतं. खांदा फिरला, मान ताठली. पण त्यांनी ते अंग दाबून धरलं, दात खाऊन धरलं, आणि पाठ मातीवर दाणकन आपटली. ते गडबडून पलटी खाऊन उठले नाहीत. तिथंच उताणे पडून राहिले. मला वाटलं लागलं असेल. मी धावलो, तर ते डोळे उघडे ठेवून वर बघत होते.

"अस्मान कुठं दिसतंय?" ते म्हणाले. "कौलं दिसत्यात नुसती. एक फुटलंय बघा त्यातलं."

मग मला म्हणाले, "बघितलंस? लागली पाठ. मेलो का मी? चल, आता तू."

मी रडत कठड्यावर चढलो. इतक्या पोरांसमोर रडायची लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. उडी मारली. अंग वळायला निघालं आणि कानांवर त्यांचा आवाज आला, "आरं टेक की!" ज्या आवाजानं मला सारी कुस्ती शिकवली त्याच आवाजानं सांगितलं, म्हणून अंगानं ऐकलं असावं. माझी पाठ मातीला लागली. थंडगार होती माती. मग ती टेकतच गेली, पुन्हा पुन्हा, उजेड होईतोवर.

तालमीचा रिवाज असा, की पाठ लागली की माणूस तोंड चुकवून विहिरीवर पळतो आणि आधी पाठ धुतो. वस्तादांनी पाठ धुतली नाही. तशीच माती घेऊन, सदरा खांद्यावर टाकून ते चौकातल्या हॉटेलात चहाला गेले. दुपारपर्यंत सगळ्या पेठेत बोभाटा झाला. कुणी तरी त्यांना चिडवलंच, "काय वस्ताद, ऐकलं ते खरं का? पाठ लागली म्हणं?"

"व्हय, लागली की," वस्ताद म्हणाले. "पोरासाठी लावली. तुझं काय जातंय?"

रविवारी मी विमानात होतो. दार काढून टाकलेलं, आत खुर्च्या नाहीत, आम्ही फळीवर पाय मुडपून बसलेलो. सुरुवातीच्या उड्यांना छत्रीची दोरी विमानालाच बांधलेली असते, आपण सुटलो की ती आपोआप उघडते. सुभेदारांनी खांद्यावर थाप मारल्यावर बाहेर पडून आकडे मोजायचे असं ठरलं होतं. मी आकडे विसरलो आणि चांगभलं असं बोंबललो. छत्री तरीही उघडली. खाली राजारामपुरीच्या सरळ गल्ल्या वहीतल्या रेघांसारख्या दिसत होत्या, लांबवर जोतिबाचा डोंगर होता, आणि मला एवढा आनंद झाला होता की मी एकटाच हसत होतो. मग जमीन वेगानं जवळ आली. पाय लागले, मी कलंडलो, पाठ टेकली. उताणा पडून राहिलो आणि वर बघितलं. इथं कौलं नव्हती. त्या दिवशी आभाळ अगदी स्वच्छ होतं.

मागाहून उतरलेले सुभेदार माळ तुडवत आले. "पाठ दाखव," म्हणाले. मी वळलो. त्यांनी मुरमाचा एक खडा माझ्या पाठीवरून काढला आणि मला दिला. "पास," म्हणाले.

ते विमान पावसाळ्यानंतरही आलं, आणि पुढची दोन-तीन वर्षं अधूनमधून येत राहिलं. परवान्यासाठी स्वतःच्या हातानं छत्री उघडायच्या उड्या कराव्या लागतात. त्यात आधी काही क्षण मोकळं पडायचं, आणि पडताना पोट जमिनीकडे, पाठ आभाळाकडे ठेवायची. उताणं असताना छत्री उघडली तर दोऱ्या पायांत गुंततात, मग माणूस वाचायची खात्री नाही. तसल्या माझ्या पहिल्याच उडीत विमानाच्या पायरीवरून माझा पाय सटकला. मी कोलांटी खाल्ली आणि उताणा झालो. पायांच्या मधून विमान लांब जाताना दिसलं, आणि त्याच्या मागं सगळं अस्मान. तो शब्दच डोक्यात आला. घाबरायला सवड मिळायच्या आत अंग गर्रकन वळलं आणि मी पालथा झालो. मग मी हात घालून छत्री उघडली. विचार मी केलाच नव्हता, जे केलं ते वस्तादांच्या मातीनं केलं.

सुभेदार खालून दुर्बिणीतून बघत होते. मी उतरलो तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. आधी त्यांनी माझे हातपाय चाचपून बघितले. मग म्हणाले, "बरं झालं, मला ते पुसता आलं नाही."

परवाना हातात पडला त्याच दिवशी मी तो घेऊन तालमीत गेलो. वस्तादांना इंग्रजी येत नव्हतं, त्यांनी तो कागद उलटासुलटा करून माझ्या फोटोवर अंगठा फिरवला. "ह्यात दात झाकलायस," एवढंच म्हणाले. मी पायांवर डोकं ठेवलं. सुभेदारांच्या पायांवर सकाळीच ठेवून आलो होतो. दोघांनी मला काय दिलं हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नाही, आणि आता लिहितानाही शब्द अपुरे पडतायत. एकानं मला आभाळातून खाली यायला शिकवलं. दुसऱ्यानं आयुष्यभर सांभाळलेली गोष्ट माझ्यासाठी चारचौघांत मातीत घातली, आणि त्याचा पुन्हा कधी उल्लेखसुद्धा केला नाही.

वस्ताद गेले ते ऐंशीच्या दशकात, मी नोकरीला लागल्यावर. मी आणि सुभेदार बरोबरच कब्रस्तानात गेलो. सगळे पैलवान आले होते, चेपलेल्या कानांची गर्दी होती नुसती. वस्तादांना खाली उतरवलं तेव्हा मी पुढं होऊन बघितलं. त्यांच्या मुलानं आत उतरून त्यांना उजव्या कुशीवर वळवलं, तोंड पश्चिमेला केलं, आणि पाठीला मातीच्या ढेकळांचा आधार द्यायला लागला. मी शेजारच्याला विचारलं, उताणं नाही ठेवत? तो म्हणाला, "न्हाय न्हाय. आमच्यात असं कुशीवरच असतंय."

सुभेदारांनी माझा हात घट्ट धरला. त्यांच्याही तेच मनात आलं असणार. तिथंसुद्धा वस्ताद उताणे झाले नव्हते. मग सगळ्यांबरोबर आम्हीही पुढं झालो आणि मूठ मूठ माती दिली.